एस्त्रेमोझ कसे पाहावे: संगमरवराचे आणि मातीच्या बाहुल्यांचे गाव

पोर्तुगालमधल्या एस्त्रेमोझला जायचे ठरले, की दिनदर्शिकेत आधी एक मोकळा शनिवार शोधावा आणि बाकीचा सगळा प्रवास त्या शनिवारभोवती बसवावा. लिस्बनच्या पूर्वेला सुमारे १७० किलोमीटरवर, आलेंतेजू प्रांतात, टेकडीवर वसलेले हे गाव बहुतेक प्रवासी जवळच्या एव्होरा शहराहून सकाळी येऊन, किल्ल्याचा मनोरा पाहून, दुपारच्या जेवणाआधीच सोडतात. तसे करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोचावे, दोन रात्री राहावे आणि रविवारी निघावे. या गावाचे खरे धन म्हणजे दगड आणि माती. ते काचेमागून जेवढे दिसते त्याहून कितीतरी अधिक हाताने आणि पायाने कळते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

मी सोलापूरचा. आमच्या घरात दोन पिढ्या खड्डामाग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, चालला. तो बंद झाल्यावर मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला गेला आणि वर फरशी बसली. आजही त्या जागेवर पाय पडला की खालून किंचित पोकळ आवाज येतो, म्हणून हातांनी केलेली कला एखाद्या गावात जवळजवळ संपली होती आणि पुन्हा उभी राहिली, असे वाचले तेव्हा ते गाव पाहिल्याशिवाय मला राहवेना. एस्त्रेमोझच्या मातीच्या बाहुल्या घडवण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तिथे जाऊन आल्यावर सोलापुरातल्या अनेकांनी मला तयारीविषयी विचारले. त्यांना जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो.

तयारीतली पहिली गोष्ट व्हिसाची. पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतो, त्यामुळे शेंगेन व्हिसा काढावा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, म्हणजे सोलापूरकरांना त्यासाठी मोठ्या शहराची एक स्वतंत्र खेप धरूनच चालावे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा हवा. राहण्याच्या आरक्षणात एस्त्रेमोझच्या दोन रात्री स्पष्ट दाखवाव्यात आणि प्रवासाच्या आराखड्यात त्या गावाचे नाव लिहावे. आराखडा आणि आरक्षण जुळलेले असले की कागदपत्रे सुटसुटीत होतात.

हंगाम निवडताना आपण सोलापूरचे आहोत, आपल्याला उन्हाची सवय आहे, या विश्वासावर जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये आलेंतेजूचा पारा चाळिशी गाठतो, आणि पांढऱ्या चुन्याच्या भिंती व पांढरा दगड यांच्यावरून परतलेले ऊन डोळ्यांत असे भरते, की दुपारी बारा ते चार रस्त्यावर फिरणे नकोसे होते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. वसंतात माळरानावर रानफुले असतात आणि एप्रिल-मेच्या सांध्यावर गावात शेतीमाल व हस्तकलांचा मोठा मेळाही भरतो. मात्र त्या दिवसांत खोली फार आधी राखून ठेवावी लागते.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा इस्तंबूल असा एक टप्पा घ्यावा लागतो. एस्त्रेमोझचे रेल्वेस्थानक प्रवाशांसाठी १९९० मध्येच बंद झाले, त्यामुळे लिस्बनहून लांब पल्ल्याची बस, किंवा एव्होरापर्यंत रेल्वे आणि पुढे सुमारे ४५ किलोमीटर बस, असे दोन मार्ग उरतात. शनिवार-रविवारी बसच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीचे तिकीट जातानाच काढून ठेवावे. चार जण असतील तर भाड्याची मोटार सोयीची पडते. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून न्यावा आणि तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे पहिला तासभर स्वतःला बजावत राहावे. वाटेत बुचाच्या ओकची झाडे लागतात. त्यांची साल नऊ वर्षांतून एकदा सोलतात आणि कोणत्या वर्षी सोलली त्याचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात. गाडी क्षणभर थांबवून तो आकडा वाचावा. झाडाला नऊ वर्षांची उसंत देणारी ही शेती पाहिली, की या प्रांताच्या स्वभावाची ओळख आपोआप होते.

गावाचे दोन भाग आहेत: वर टेकडीवर मध्ययुगीन कोट आणि पायथ्याशी बाजारपेठेचे खालचे गाव. शनिवारी सकाळ बाजाराला द्यायची आहे, म्हणून वरचा भाग शक्यतो शुक्रवारी ऊन उतरल्यावर पायी चढून पाहावा. चढ दमवणारा नाही, पण दगडी फरसबंदी शतकानुशतके पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे, म्हणून तळव्याला पकड असलेले बूटच घालावेत. कुणी वडीलधारे बरोबर असतील तर त्यांना वरपर्यंत मोटारीने नेता येते.

वर गेल्यावर समोर उभा राहतो तो २७ मीटर उंचीचा मनोरा. तेराव्या शतकात राजा अफोन्सू तिसरा याने इथली तटबंदी सुरू केली. मनोऱ्याला ‘तीन मुकुटांचा मनोरा’ म्हणतात, कारण तीन राजांच्या कारकिर्दी लागून तो पुरा झाला असे मानले जाते. आपल्या भुईकोट किल्ल्याचे बुरूज काळ्या दगडाचे पाहिलेल्या डोळ्यांना हा मनोरा पहिल्यांदा चुन्याने रंगवल्यासारखा वाटतो. जवळ जाऊन हात लावल्यावर कळते, की ही लढाईसाठी बांधलेली भिंत संगमरवराची आहे. मनोऱ्याला लागून असलेला राजवाडा १६९८ मध्ये दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. आता तिथे ऐतिहासिक वास्तूंमधल्या पोर्तुगीज हॉटेलांपैकी एक आहे. मनोऱ्यावर जाण्याची वाट त्या हॉटेलातून जाते. स्वागतकक्षात नम्रपणे विचारावे आणि परवानगी मिळाल्यास अवश्य चढावे. वरून एका बाजूला ऑलिव्हच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला खाणींचे पांढरे ढीग दिसतात, आणि गाव कशावर उभे आहे ते एका नजरेत समजते. वास्को द गामाला भारताच्या मोहिमेचे नेतृत्व राजा मानुएलने याच राजवाड्यात दिले अशी तिथली आख्यायिका आहे. आपल्या किनाऱ्यावर पुढे जे घडले ते ठाऊक असलेल्या माणसाला त्या अंगणात थोडा वेळ गप्प उभे राहावेसे वाटते.

या वाड्यातच ४ जुलै १३३६ रोजी पोर्तुगालची राणी इझाबेल हिचे निधन झाले. मुलगा आणि नातू यांच्यातले युद्ध थांबवण्यासाठी ती उतारवयात इथवर आली होती. तिची कथा गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे: गोरगरिबांसाठी ओच्यात भाकरी लपवून नेत असताना राजाने हटकले, तिने ‘गुलाब आहेत’ म्हणून ओचा सोडला आणि ऐन हिवाळ्यात त्यातून खरोखरच गुलाब पडले. किल्ल्यातल्या तिच्या छोट्या चॅपेलमध्ये तिच्या आयुष्यातले प्रसंग निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांवर रंगवलेले आहेत. ही कथा आधी नीट समजून घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी तीच राणी मातीच्या रूपात भेटणार आहे.

आता संगमरवराविषयी, आणि इथे थोडे रेंगाळावे लागेल. एस्त्रेमोझ, बोर्बा आणि व्हिला व्हिसोझा ही तीन गावे सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या एकाच संगमरवरी पट्ट्यावर वसलेली आहेत. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली चुनखडी पृथ्वीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून स्फटिकमय झाली, तोच हा दगड. रोमनांनी तो काढला. एव्होराच्या रोमन मंदिराचे खांब ग्रॅनाइटचे आहेत, पण त्यांच्या तळखड्या आणि शिरोभाग याच संगमरवराचे आहेत. आपल्याकडे संगमरवर म्हटले की देवघर किंवा श्रीमंताचा दिवाणखाना आठवतो. इथे तो घरांच्या उंबऱ्याला, खिडकीच्या चौकटीला, पदपथाच्या कडेला, बाजारातल्या बाकाला आणि गुरांच्या पाण्याच्या कुंडालासुद्धा वापरलेला आहे. सोलापूरच्या जुन्या वाड्यांना काळा दगड जितका सहज, तितकाच यांना हा. म्हणून पहिल्या दिवशी निदान एक गल्ली अशी चालावी, की नजर वरच्या नक्षीवर न जाता खाली उंबऱ्यांवर राहील. एका साध्या घराचा उंबरा मी बराच वेळ पाहत होतो. मधोमध पावलांनी झिजून पन्हाळीसारखी खोलगट जागा झाली होती, आणि झिजलेल्या भागात दगडाच्या आतली फिकी गुलाबी रेघ उघडी पडली होती. कडेला, जिथे पाय पडत नाही तिथे, तोच दगड मळकट करडा होता.

रंग ओळखायला शिकावे. शुभ्र आणि मलईसारखे प्रकार आहेत, गुलाबी प्रकार सर्वांत नावाजलेला आहे, आणि गडद करड्या दगडाला तिथे ‘रुइव्हिना’ म्हणतात. दगडाची ताजी तुटलेली कड उन्हात फिरवून पाहिली, की साखरेच्या खड्यासारखे बारीक कण चमकतात. वस्तू विकत घेताना हीच खूण पाहावी. राळ आणि भुकटी ओतून केलेल्या नकली वस्तूत हे कण दिसत नाहीत आणि ती हाताला पटकन कोमट लागते.

खाणी पाहायच्या असतील तर त्या वाटाड्याबरोबरच पाहाव्यात. काही खाणी शंभर मीटरहून खोल आहेत. दगडात दोन बाजूंनी छिद्रे पाडून ती आत जुळवतात, त्यांतून हिऱ्याचे मणी ओवलेली तार घालतात आणि पाण्याचा मारा करत ती फिरवून घराएवढे ठोकळे कापतात. कठड्याशेजारी उभे राहून खाली पाहिले की तळातले यंत्र खेळण्याएवढे दिसते. फोटोसाठी आडवाटेने एखाद्या बंद खाणीच्या कडेला जाण्याचा मोह कुणीही, कधीही करू नये. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी बोर्बा आणि व्हिला व्हिसोझा यांच्यामधल्या रस्त्याचा एक भाग खचून शेजारच्या खाणीत कोसळला आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. या दगडाची किंमत त्या परिसराने माणसांच्या जिवांनीही चुकवली आहे, हे मनात ठेवूनच खाणीपाशी उभे राहावे.

शनिवारी सकाळी लवकर खालच्या गावातल्या मोठ्या चौकात, रोसियूत, उतरावे. एका बाजूला शेतकऱ्यांचा बाजार भरतो: मेंढीच्या दुधाचे लहान गोल चीज, ऑलिव्ह, मध, भाज्यांची रोपे, कोंबड्या. दुसऱ्या बाजूला जुन्या वस्तू, पितळी घंटा, लाल मातीची भांडी. आपल्या मंगळवार बाजाराची घासाघीस इथे चालत नाही. जुन्या वस्तूंच्या फडावर थोडे बोलणे होते, पण भाजी आणि हस्तकलेचा भाव सांगितलेलाच असतो. सुटे युरो जवळ ठेवावेत. ‘बों दिया’ म्हणून सकाळचा नमस्कार करावा. आभार मानताना पुरुषांनी ‘ओब्रिगादू’ आणि स्त्रियांनी ‘ओब्रिगादा’ म्हणावे. एक गंमत कानांनी टिपावी: भाजीवालीने ‘बटाटा’ म्हटले की आपण दचकतो, कारण तो शब्द तिचाच आहे आणि आपल्याकडे पाव, चावी, कोबी यांच्यासोबत तिच्याच पूर्वजांच्या गलबतांतून आला.

शाकाहारी लोकांनी जेवणाबाबत स्पष्ट बोलावे. ‘सें कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. मासळीही नको असेल तर तेही वेगळे सांगावे लागते, कारण तिथे मासळी मांसात मोजत नाहीत. आलेंतेजूची ‘असोर्दा’ मात्र जरूर मागावी. लसूण, मीठ आणि भरपूर हिरवी कोथिंबीर खलबत्त्यात कुटतात, त्यावर ऑलिव्हचे तेल, मग उकळते पाणी, आणि त्यात शिळ्या पावाच्या फोडी. वरून पाण्यात शिजवलेले अंडे. कुठे हे पाणी मासळी उकळलेले असते, म्हणून आधी विचारावे. कडक भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या माणसाला त्या वाटीची ओळख करून द्यावी लागत नाही. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेण्यास हरकत नाही. पण खवा, पेढे, तूप किंवा कोणताही दुधाचा वा मांसाचा पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेण्यास बंदी आहे, तेव्हा तो आग्रह घरच्यांना मोडून काढावा लागेल.

बाजारानंतर बाहुल्या, म्हणजे ‘बोनेकू’. आधी किल्ल्यासमोरच्या नगरपालिकेच्या संग्रहालयात जाऊन जुने नमुने पाहावेत. दुपारी जेवणाच्या वेळी आणि सोमवारी संग्रहालये बहुधा बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. निदान सतराव्या शतकापासून ही कला इथे चालत आली आहे. शंभरावर ठरलेली पात्रे आहेत: मेंढपाळ, चेस्टनट भाजणारी बाई, डोक्यावर फुलांची कमान धरलेला ‘वसंत’, डोळ्यांवर पट्टी बांधलेले ‘प्रेम आंधळे असते’, येशूजन्माचा देखावा, शिट्टीवर बसवलेले कोंबडे, आणि ओच्यात गुलाब घेतलेली राणी इझाबेल. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडत वाढलेल्या आपल्या मुलांना ती पाहताच ओळखीची वाटतील.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही कला जवळजवळ लुप्त झाली होती. १९३०च्या दशकात तिथल्या शाळेचे संचालक आणि शिल्पकार जुझे मारिया द सा लेमुश यांनी शोध घेतला, तेव्हा आना दाश पेलेश नावाच्या एका वृद्ध स्त्रीला ते काम अजून आठवत होते. त्यांनी तिला पुन्हा माती हातात घ्यायला लावले. पुढे कुंभार घराण्यातल्या मारियानू दा कोन्सैसांव यांनी ती कला उचलली आणि तिथून शिकणाऱ्यांची साखळी आजपर्यंत आली. म्हाताऱ्या हातांना कुणीतरी वेळेवर विचारले, एवढ्यावर ही कला वाचली. बुजवलेल्या खड्ड्याच्या घरात वाढलेल्या मला हा तपशील संग्रहालयातल्या कुठल्याही मूर्तीपेक्षा जास्त लागला.

कार्यशाळेत जाताना दारात थांबून परवानगी घ्यावी, फोटोसाठी वेगळी घ्यावी, आणि काम चालू असेल तर प्रश्न मागाहून विचारावेत. सगळी बाहुली तीनच आकारांतून उभी राहते: गोळी, वळी आणि पापुद्रा. मी पाहिले तेव्हा कारागीर बाई राणीचे गुलाब करत होत्या. मातीचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण तळहातावर वळून, बोटाने दाबून, कडा अशा मुडपल्या की पाकळी झाली, आणि ती ओल्या मातीच्या थेंबाने ओच्यात बसली. लग्नघरी गव्हले, नखुल्या आणि बोटवे वळणाऱ्या आमच्या आत्यांच्या बोटांची चाल मला तिथे तशीच दिसली. अंग आधी घडवतात आणि कपडे मागून, खरोखर नेसवल्यासारखे, पातळ पापुद्र्यांनी चढवतात. मग बाहुली सावकाश वाळते, भट्टीत भाजली जाते, भडक रंगांत रंगते आणि शेवटी तिच्यावर पारदर्शक रोगण बसते. या सगळ्याला कित्येक दिवस लागतात, म्हणून किंमत ऐकून चेहरा आंबट करू नये आणि भाव तर मुळीच पाडू नये. आपल्या चादरीला फेरीवाल्याच्या भावात मागणारे गिऱ्हाईक विणकराच्या मनाला कसे लागते, हे सोलापूरकराला सांगायला नको. परवडत नसेल तर एक लहान शिट्टी घ्यावी. तीही त्याच हातांची असते. पायथ्यावर किंवा तळाशी कारागिराची सही किंवा खूण आहे का ते पाहून घ्यावे.

वेळ उरल्यास चौकातल्या जुन्या मठात असलेल्या नगरपालिकेच्या जिन्यावरची निळी फरशी पाहावी, आणि फरशीचीच आवड असेल तर २०२० मध्ये उघडलेले बेरार्दू संग्रहालय पाहावे. रविवारी मोटार असेल तर सुमारे १८ किलोमीटरवरच्या व्हिला व्हिसोझाला जाऊन ब्रागान्सा घराण्याच्या राजवाड्याची शंभर मीटरहून लांब संगमरवरी दर्शनी भिंत पाहून यावी.

आता परतीची बांधाबांध. संगमरवर वजनाला भारी असतो, म्हणून खलबत्ता किंवा ताटली मोठ्या बॅगेत, तळाशी, कपड्यांच्या मध्ये ठेवावी. आणि घरी आल्यावर त्या खलात चिंच, लिंबू किंवा ताक घालू नये, आंबटाने त्याची झिलई कायमची जाते. बाहुली मात्र हातातल्या पिशवीतच आणावी. तिचे नाजूक अवयव म्हणजे फुलांची कमान, बोटे आणि टोपीची कड; त्या पोकळ्यांत आधी मऊ कागदाचे बोळे भरावेत, मग सगळी बाहुली सोलापुरी टर्किश टॉवेलमध्ये सैल गुंडाळावी आणि कडक डब्यात उभी ठेवावी. जाताना दोन टॉवेल मुद्दाम जास्त न्यावेत. माझी राणी त्यातूनच आली आणि तिच्या ओच्यातल्या अकरा गुलाबांपैकी एकही हलला नव्हता.